ऊब आणि ओल: हेडफोनच्या एका छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचा मागोवा

कोयनानगरात इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेल्या माणसाला दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, बाहेरची ओल आणि डबीतली उष्णता. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या गावात स्पीकरच्या कागदाला बुरशी येते, जॅकचं पितळ हिरवं पडतं, व्हॉल्यूमचा पॉट फिरवला की खरखरतो. त्यामुळे ‘डबीला भोकं पाडा, हवा खेळू द्या’ हा छापील सल्ला इथे चालत नाही. भोकातून उष्णता बाहेर जाते खरी, पण सेट बंद केला की त्याच भोकातून ओल आत येते, मागोमाग मुंग्याही येतात. घरी बांधलेले छोटे अ‍ॅम्प्लिफायर गेल्या पन्नास-साठ वर्षांत कसे बदलत गेले, याचा मागोवा मी घेतो तो याच अडचणीच्या बाजूने.

आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३मध्ये सुरू झालं. त्या काळात या भागातल्या घरांतून व्हॉल्व्हचे रेडिओ हळूहळू मागे पडत होते आणि ट्रान्झिस्टर येत होते. व्हॉल्व्हच्या सेटला गरम होण्याचं भय नव्हतं; तापणं हेच त्याचं काम. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरचं तसं नव्हतं. एसी १२८ किंवा एसी १८७-१८८ची जोडी आतून नव्वद अंशांच्या पुढे जाऊ द्यायची नसे, आणि दर आठ-दहा अंशांनी त्यातला गळका प्रवाह जवळजवळ दुप्पट व्हायचा. तापला की जास्त प्रवाह ओढणार, जास्त ओढला की आणखी तापणार, असं ते चक्र एकदा सुरू झालं की ट्रान्झिस्टर हातचा जायचा.

सिलिकॉन आलं आणि जीव भांड्यात पडला. आमच्या पिढीचे हात बसले ते एसएल १०० आणि एसके १००वर. धातूच्या टोपीतली ही जोडी, पुढे बीसी ५४७, आणि टोपीवर दाबून बसवायचा पाकळ्यांचा छोटा हीटसिंक. टोपी आतून कलेक्टरला जोडलेली असते, त्यामुळे शेजारच्या दोन हीटसिंकच्या पाकळ्या एकमेकींना चिकटल्या की काम बिघडायचं. आतलं तापमान दीडशे अंशांपर्यंत चालत असल्याने सगळेच थोडे निर्धास्त झाले. तपासणी बोटाने व्हायची. बोट ठेवता आलं तर ठीक, नाहीतर मोठा हीटसिंक शोधा.

त्याच सुमारास, एप्रिल १९६९मध्ये, ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात जॉन लिन्स्ले हूड यांचा दहा वॅटचा क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर छापून आला. चारच ट्रान्झिस्टर, आणि आवाज इतका स्वच्छ की आजही लोक तो बांधतात. पण आठ ओहमच्या स्पीकरसाठी २७ व्होल्टवर १.२ अँपिअर प्रवाह त्यात अखंड वाहतो. गाणं लागलेलं असो वा नसो, एका बाजूला बत्तीस वॅट खर्च ठरलेलाच. पुढे हौशी लोकांनी हीच रचना लहान करून हेडफोनला लावली, आणि उष्णतेचा प्रश्न टेबलावरून तळहाताएवढ्या डबीत आला.

इतकी वीज जाळून क्लास एचा हट्ट का? साध्या पुश-पुल रचनेत वरचा ट्रान्झिस्टर लाटेचा अर्धा भाग उचलतो आणि खालचा उरलेला अर्धा. एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं त्या जागी लाटेला खोच पडते. मोठ्या आवाजात ती लपते, बारीक आवाजात प्रमाणाने मोठी होते. हेडफोनवर तर आपण बारीकच ऐकतो. रात्री जुन्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण लावलं, गायक थांबला आणि नुसता तानपुरा उरला, की तारेचा झंकार विरत जाताना ही खोच कानाला खुपते. दोन्ही ट्रान्झिस्टरमधून सतत थोडा प्रवाह वाहता ठेवला की ती जाते. तानपुऱ्याचा तो विरणारा झंकार अखंड ऐकू येण्यासाठी थोडी उष्णता सोसावी, असं माझं ठाम मत आहे. मात्र किती सोसायची, हे मोजून ठरवावं.

हेडफोनच्या छापील मंडलांत बीडी १३९-१४०ची जोडी, अधिक-उणे १२ व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर स्थिर प्रवाह असा हिशेब नेहमी दिसतो. म्हणजे प्रत्येक ट्रान्झिस्टरवर १.२ वॅट, आणि दोन्ही चॅनेल मिळून ४.८ वॅट. हेडफोनला त्यातला एखाद-दुसरा मिलिवॅट जातो. बहुतेक हेडफोन तेवढ्यावर भरपूर वाजतात. बाकी सगळी उष्णता. हीटसिंक नसताना बीडी १३९ दर वॅटला सुमारे शंभर अंश चढतो. खोलीत २८ अंश असतील तर आत १४८, म्हणजे मरणाच्या दोन अंश अलीकडे. बोटाला हे कळत नाही, कारण बोट बाहेर असतं.

इथे कोयनानगरचा उपाय वेगळा करावा लागला. भोकं पाडायची नाहीत, तर डबीच हीटसिंक करायची. अकरा सेंटीमीटर लांब, सात रुंद, तीन उंच अशी अ‍ॅल्युमिनियमची डबी घेतली तर तिची सगळी पृष्ठं मिळून अडीचशे चौरस सेंटीमीटरच्या वर जातात, आणि ती दर वॅटला चार अंशांच्या आसपास तापते. ४.८ वॅटला वीस अंश धरा. डबी ४८ अंशांवर, ट्रान्झिस्टर आतून साठीच्या थोडा वर. बाहेरून काळा रंग दिला की उष्णता आणखी सहज निघते; चकचकीत अ‍ॅल्युमिनियम दिसायला छान, पण उष्णता धरून ठेवतं.

ट्रान्झिस्टर डबीच्या भिंतीला बसवणं हे नाजूक काम आहे. बीडी १३९च्या पाठीवर धातूची पट्टी असते, ती कलेक्टर. म्हणून मधे अभ्रकाचा पातळ तुकडा हवा. स्क्रूचं भोक प्लास्टिकमधून जातं, त्यामुळे तिथे वेगळा बुश लागत नाही. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट लावायची ती इतकी पातळ की खालचा धातू पुसट दिसावा; जाड थर उष्णतेला उलट अडवतो. भोकाच्या कडेचा बर ब्लेडने काढायचा, नाहीतर तो अभ्रक फोडून कलेक्टरला टेकतो. स्क्रू आवळल्यावर मल्टिमीटरची एक तार डबीला, दुसरी कलेक्टरला. बीप वाजला नाही की मगच पुढे. आणि ट्रान्झिस्टरचे पाय सगळ्यात शेवटी सोल्डर करायचे, म्हणजे सांध्यावर ताण राहत नाही. १९६७च्या भूकंपानंतर इथली जमीन अधूनमधून हलत आलेली आहे. नुसत्या पायांवर तोललेला जड हीटसिंक मला म्हणूनच कधी पटला नाही.

स्थिर प्रवाह आवरण्यासाठी एक छोटा डायोड, १एन ४१४८, ट्रान्झिस्टरच्या अंगाला चिकटवतात. दर अंशाला ट्रान्झिस्टरची गरज दोन मिलिव्होल्टने घटते, डायोडचीही साधारण तेवढीच. दोघे एकत्र तापले की प्रवाह जागच्या जागी राहतो. डायोड बोर्डावर दूर ठेवला तर तो काही कामाचा नाही.

वीजपुरवठ्याची उष्णता मात्र बरेच जण हिशेबात धरतच नाहीत. १५-०-१५चा ट्रान्सफॉर्मर घेतला आणि घरचं व्होल्टेज अडीचशेवर गेलं, की ७८१२ आणि ७९१२ या दोन रेग्युलेटरवर मिळून चारेक वॅट जळतात, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरइतकेच. १२-०-१२ घेतला तर रेग्युलेटर गार राहतात, पण व्होल्टेज दोनशेवर उतरलं की हेडफोनमध्ये शंभर हर्ट्झची गुणगुण शिरते. मी १२-०-१२ पसंत करतो आणि ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डबीत ठेवतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांचेच घ्यावेत आणि गरम भिंतीपासून लांब बसवावेत. दर दहा अंशांनी त्यांचं आयुष्य निम्मं होतं.

मधल्या काळात चिपची लाट आली. पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा चू मॉय यांचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर जगभर बांधला गेला. तो कोमटही होत नाही. पुढे पोटाखाली धातूची पट्टी असलेल्या चिप आल्या. त्यांची उष्णता सोल्डरमधून थेट बोर्डाच्या तांब्यात उतरते. काम सुटसुटीत झालं, पण साध्या सोल्डरिंग आयर्नने ती पट्टी नीट बसवणं घरी अवघड जातं.

कोयनेचं धरण रबल काँक्रीटचं आहे. काँक्रीटमध्ये मोठे दगड बसवले की सिमेंट कमी लागतं, आणि सिमेंट घट्ट होताना सुटणारी उष्णताही कमी राहते. बाहेर काढण्याआधी मुळात कमी करावी, ही रीत डबीलाही लागू पडते. पुश-पुल क्लास एमध्ये स्थिर प्रवाहाच्या दुप्पट प्रवाह हेडफोनला मिळतो. ४० मिलिअँपिअर ठेवले तर ८० मिळतात, आणि ३२ ओहमच्या हेडफोनला ते शंभर मिलिवॅट होतात. कानाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त. उष्णता मात्र ४.८ वरून १.९ वॅटवर येते.

त्याखाली मी जात नाही, आणि त्याला कारण पाऊस. २५ अंशांच्या हवेत ९५ टक्के दमटपणा असताना डबीतली हवा आठ अंशांनी तापली, तर आतला दमटपणा साठ टक्क्यांवर येतो. बुरशीला तेवढा पुरत नाही. त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने सेट रात्रंदिवस चालूच असतो, आणि डबीत सिलिका जेलची पुडीही ठेवलेली असते. ती वीज जाईल तेव्हासाठी.