बालवर्गाचे पहिले वर्ष

मूल पाच वर्षांचे होईपर्यंत त्याचे लाड करावे, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेविले आहे. हे वचन आम्हांस तोंडपाठ होते. परंतु आमचे चिरंजीव चार वर्षांचे होऊन साताऱ्यातील एका बालवर्गात जाऊ लागले, त्या वर्षात आम्ही ते कितपत पाळिले, याचा हिशेब वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

जूनमधील तो पहिला दिवस. अजिंक्यतारा धुक्यात बुडालेला, पावसाची झड लागलेली. वर्गाच्या दाराशी चिरंजिवांनी आमचे बोट घट्ट धरिले. बाईंनी ते हलक्या हाताने सोडविले. आतून हुंदके ऐकू येत होते आणि बाहेर आम्ही भिंतीशी भिजत उभे होतो. अर्ध्या तासाने बाई बाहेर येऊन म्हणाल्या, “तो केव्हाच गप्प झाला आहे. आता तुम्हीही घरी जा!”

महिन्याभरात रडे थांबले. आमची काळजी मात्र सुरू झाली. “आज काय शिकलास?” या प्रश्नास रोज एकच उत्तर मिळे, “काही नाही.” चौकशी करता कळे की मणी ओवले, चिंचोके मोजले, वाळूत खेळला, गाणी म्हटली, डबा स्वतःच्या हाताने उघडला आणि चपला ओळीत लाविल्या. वहीत अक्षर म्हणून एक नाही! दसऱ्यास पाटीपूजनाची सरस्वती काढिली, तीही आम्हीच त्याचा हात धरून.

दिवाळीस सांगलीला आजोळी गेलो. तेथे त्याच्याच वयाच्या मामेभावाने शंभरापर्यंत आकडे आणि सगळी इंग्रजी मुळाक्षरे सर्वांसमक्ष लिहून दाखविली. कौतुक झाले, हातावर लाडू पडला. मग आजींनी सहज विचारिले, “आणि आमचा बाळ काय लिहितो?” बाळाने आमच्या तोंडाकडे पाहिले. आमची मान खाली गेली, आणि ती त्याने पाहिली.

साताऱ्यास परतताच आम्ही रोज संध्याकाळी तासभर त्यास पाटीपुढे बसवू लागलो. रेघ वाकडी गेली की आमचा आवाज चढे. एकदा हातही उगारला गेला. पंधरा दिवसांत रोज सकाळी त्याचे पोट दुखू लागले. डॉक्टरांस काही सापडेना. अखेर बाईंनी बोलावून घेतले. “घरी लिहून घेता का?” त्यांनी विचारिले. “पेन्सिल दिसली की हा हात पाठीमागे लपवितो.”

त्या एका वाक्याने आम्ही खजील झालो. बालशिक्षणाविषयी काही वाचावे, ही बुद्धी आम्हांस तेव्हा झाली. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवीत असे. लेखणी नंतर येई. रोममध्ये १९०७ साली पहिले बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसरी यांनीही खरखरीत कागदाची अक्षरे करून त्यांवरून मुलांस बोट फिरविण्यास लाविले. बोटास वळण आधी, पेन्सिल मागाहून, हाच दोहोंतील क्रम. मणी ओविताना आणि डब्याचे झाकण उघडताना जी बोटे कामी लागत होती, ती लेखनाचीच पूर्वतयारी करीत होती. आम्हांस ती दिसत नव्हती, इतकेच.

आपल्याकडे हा विचार रुजविला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढिले. अनुताई वाघ त्यांस तेथे येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. महाग साहित्यावाचून, खडे, शिंपले, बिया आणि पाने यांवर गरीब मुलांचे शिक्षण तेथे चालले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ हा एक सलग पायाभूत टप्पा मानून खेळ व कृती यांवरच भर दिला आहे. मग चिंचोक्यांस हसणारे आम्ही कोण?

आम्ही संध्याकाळची शिकवणी बंद केली. पोटदुखी हळूहळू गेली. माघ महिन्यात एके दिवशी स्वयंपाकघरात परातीतील तांदळाच्या पिठात त्याने बोटाने आपल्या नावाचे आद्याक्षर काढिले, “हा मी,” म्हणाला आणि लगेच पुसून टाकिले. कोणी सांगितले नव्हते, कोणी पाहावे अशी त्याची अपेक्षाही नव्हती.

आपल्या घरांतून विद्येचा अभिमान मोठा, तो असावा. परंतु त्याचे ओझे चार वर्षांच्या बोटांवर ठेवू नये. मुलास “काय शिकलास?” असे विचारण्याऐवजी “कोणाशी खेळलास?” असे विचारून पाहावे, उत्तर लांबलचक मिळते. भावंडांची तुलना त्यांच्या देखत तर करूच नये.

आता तो हौसेने लिहितो, बाईंजवळ आणि एकटा असता. आम्ही शेजारी जाऊन बसलो की मात्र अद्यापि पेन्सिल खाली ठेवितो. आम्ही काही बोलत नाही. थोडे दूर सरून बसतो.