‘उणे १०’ म्हणजे नेमकं किती?

बाजारात दीड-दोन हजारांना मिळणाऱ्या कित्येक स्लीपिंग बॅगांवर ‘उणे १०’ असं ठळक छापलेलं असतं. तशी एखादी घेऊन कुणी डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला गेला आणि आठ-दहा अंशांतच रात्रभर कुडकुडला, तर तो थंडीला कच्चा आहे असं मानायचं कारण नाही. तो आकडा नेमका कशाचा, एवढंच विचारायचं राहून गेलेलं असतं.

हा गोंधळ निस्तरण्यासाठी युरोपात २००२ साली ‘ईएन १३५३७’ हे मानक आलं आणि २०१६ मध्ये त्याची जागा ‘आयएसओ २३५३७’नं घेतली. प्रयोगशाळेत आतून तापवता येणारा एक पुतळा अंगभर कपडे आणि मोजे घालून बॅगेत निजवतात. त्याला ऊबदार ठेवायला किती उष्णता पुरवावी लागते, हे मोजून तीन तापमानं काढतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे साधारण ६० किलो वजनाची तरुण स्त्री जिथे निवांत झोपेल ते. ‘लिमिट’ म्हणजे ७३ किलोचा तरुण पुरुष जिथे अंग मुडपून कशीबशी झोप काढेल ते. आणि ‘एक्स्ट्रीम’? तिथे सहा तास जीव तगेल एवढीच अपेक्षा. हिमदंश टळेलच असं नाही.

या तिन्हींत अंतर केवढं असतं ते पाहा. कम्फर्ट शून्य अंश असलेल्या बॅगेचं लिमिट उणे पाच-सहाच्या घरात येतं आणि एक्स्ट्रीम थेट उणे वीसच्याही खाली जातं. विकणाऱ्याला साहजिकच शेवटचा आकडा आवडतो. घेणाऱ्यानं फक्त पहिला वाचावा. लेबलवर मानकाचं नावच नसेल, तर तो आकडा म्हणजे विकणाऱ्याचा शब्द. तो किती धरायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मग सह्याद्रीसाठी किती पुरे? उंची हजार मीटरनं वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हा हिशेब भटक्यांना पाठ असतो. पण हिवाळ्यातल्या निरभ्र, पडलेल्या वाऱ्याच्या रात्री तो उलटतो. जड झालेली थंड हवा ओघळून खोलगटात साचते. म्हणून तर नाशिक जिल्ह्यातल्या सपाटीवरच्या निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तलावाकाठी तंबू ठोकणाऱ्यांना पहाटे गडावरच्या मंडळींपेक्षा जास्त थंडी वाजते, त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं. शिवाय दव पडून बॅगेचं वरचं कापड ओलं होतं ते वेगळंच. हे सगळं धरलं तरी आपल्याकडच्या बहुतेक मुक्कामांना पाच अंश कम्फर्टची बॅग भागते. बारीक चणीच्या, वयस्क किंवा सतत हातपाय गार पडणाऱ्या माणसानं आणखी चार-पाच अंशांची सोय ठेवावी.

बॅगेचा हा धंदा जुना आहे. वेल्समधल्या प्राइस प्राइस-जोन्स या व्यापाऱ्यानं १८७६ साली ‘युक्लिसिया रग’ नावाच्या लोकरी पांघरुणाचं पेटंट घेतलं. आत शिरून अंगाभोवती गुंडाळून घ्यायचं, असं ते होतं. त्यात फुगवायची उशीसुद्धा होती. खाली काय घालायचं ते मात्र ज्यानं त्यानं पाहायचं.

आणि नेमकी तिथेच आजही फसगत होते. बॅग स्वतः काही तापत नाही; तिच्या भरणात अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. पाठीखालचं भरण वजनानं चेपलं की ती हवा निघून जाते आणि कातळ किंवा शहाबादी फरशी ऊब शोषत राहते. प्रयोगशाळेतला पुतळाही उघड्या जमिनीवर नसतो, चांगल्या मॅटवर असतो. मॅट किती उष्णता अडवते हे ‘आर-व्हॅल्यू’ सांगते. फोमच्या साध्या कॅरीमॅटची ती दोनच्या आसपास असते, घरातल्या पातळ योगा मॅटची एकापेक्षाही कमी. दोन मॅट एकावर एक टाकल्या की त्यांची बेरीज होते. म्हणून खिशात मोजकेच पैसे असतील, तर बॅग एक पायरी खालची घ्यावी, पण मॅटवर हात आखडू नये.

भरणाचा प्रश्न आपल्या हवामानानं बराचसा सोडवला आहे. बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांखालची मऊ लव, म्हणजे डाऊन, वजनाला हलकी असते आणि मुठीएवढी दाबता येते. शून्य अंशांची डाऊन बॅग किलोभराची, तर तेवढ्याच उबेची कृत्रिम धाग्यांची दीड-दोन किलोंची. सॅक आठ दिवस पाठीवर वागवायची असेल तर हा फरक खांद्यांना चांगलाच कळतो. पण डाऊन ओली झाली की तिच्या गुठळ्या होतात आणि ऊब संपते. शिवाय किंमत सहज दुप्पट-तिप्पट. कृत्रिम भरण दमटपणातही बरंच काम देतं, घरी धुता येतं, लवकर वाळतं. कोकणातून वर चढून येणाऱ्या दमट हवेत शनिवार-रविवारच्या भटकंतीला डाऊन घेणं ही निव्वळ हौस म्हणायची.

हिमालयाचं गणित निराळं. हिवाळ्यात केदारकंठाच्या ३,८०० मीटरच्या शिखराखाली रात्री पारा शून्याच्या बराच खाली असतो, चादर ट्रेकवर तर उणे वीसपर्यंतही जातो. वर्षातून एकदा तिकडे जायचं म्हणून दहा-पंधरा हजारांची बॅग विकत घेण्यात फारसा शहाणपणा नाही. सांक्री, मनाली, लेहमध्ये बॅगा भाड्यानं मिळतात आणि अनेक ट्रेक-संस्था त्या पुरवतात. भाड्याच्या बॅगेत आधी कोण झोपलं होतं याची शंका येत असेल, तर जुन्या सुती साडीचं लायनर शिवून न्यावं. त्यानं ऊब फारशी वाढत नाही, पण किळस जाते. ऊब वाढवायची असेल तर फ्लीसचं लायनर घ्यावं.

दुकानात बॅग हातात धरून काही कळत नाही. बूट काढून आत शिरावं, चेन गळ्यापर्यंत ओढावी, कूस बदलावी. पाय तळाला टेकले तर तिथलं भरण चेपून बोटं गार पडणार. खूप ढगळ झाली तर ती सगळी रिकामी हवा अंगानंच तापवावी लागणार. पायाकडे निमुळती, डोक्यावर टोपी असलेली बॅग चौकोनीपेक्षा ऊबदार असते, पण काहींचा तिच्यात जीव घुसमटतो. चेनच्या आतून भरणाची जाड पट्टी शिवलेली आहे का, हे आवर्जून चाचपावं. स्वस्त बॅगांत पहिली काटकसर तिथेच होते आणि गार वारा तिथूनच आत येतो.

वापरलेली बॅग घ्यायलाही हरकत नाही. ती पिशवीतून काढून अर्धा तास पसरावी आणि किती फुगते ते पाहावं. वर्षानुवर्षं आवळून ठेवलेल्या बॅगेचं भरण मेलेलं असतं, मग लेबलवर काही का छापलेलं असेना. त्यानंतर उजेडासमोर धरावी. कुठे नुसतंच कापड दिसत असेल, तर तिथलं भरण सरकलेलं आहे. आपली बॅग मात्र घरी आल्यावर उन्हात वाळवून, जुन्या उशीच्या अभ्ऱ्यात सैलसर भरून कपाटात ठेवावी. पावसाळ्यात दमट कोपऱ्यात पडून राहिली तर गणपतीपर्यंत तिला बुरशी धरते.