शिक्का पक्का, पण नोंद खरी?

गडचिरोलीतील एटापल्लीत २०२२ मध्ये जातीच्या दाखल्यांचे डिजिटल ठसे पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचे काम सुरू झाले. बनावट दाखल्याने खऱ्या आदिवासी मुलाची वैद्यकीय प्रवेशाची जागा जाते. दाखला नाशिकमध्ये बसूनही तपासता यावा, हा हेतू.

या वहीच्या प्रती अनेक संगणकांवर असतात. नोंदी तपासणारे स्वतःची रक्कम तारण ठेवतात. दोन तृतीयांशांहून अधिक तारणाचा कौल मिळाला, की नोंद पक्की. अशा पद्धतीत प्रामाणिक कामाला मोबदला मिळतो; लबाडी केल्यास तारण कापले जाऊ शकते. म्हणून नंतरची खाडाखोड जवळपास अशक्य.

मात्र रक्ताची नळीच बदलली, तर अहवालावरचा शिक्का काय कामाचा? पहिली पडताळणी माणसानेच करायची.