एका प्रतीवर विसंबून राहू नका

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. दादासाहेब फाळक्यांनी तो दादरला तयार केला होता. आज तो अख्खा चित्रपट कुठेच पाहायला मिळत नाही; काही भाग तेवढे उरलेत. मोजक्या प्रती असल्या की असं होतं. म्हणून एक फाइल अनेक घरांत कशी ठेवायची, ते आज पाहू.

या पद्धतीचं नाव बिटटॉरेंट. ब्रॅम कोहेन यांनी ती २००१ मध्ये आणली. एरवी आपण सगळे एकाच सर्व्हरच्या दारात रांग लावतो. दार बंद झालं की सगळेच रिकाम्या हाताने परत. इथे तसं नाही. समजा, लालबागच्या चाळीत आरत्यांची एकच वही आहे. एका घराने पहिलं पान उतरवून घेतलं, शेजाऱ्यांनी दुसरं; मग उरलेली पानं एकमेकांकडूनच घेतली. मूळ वहीवर ताण पडत नाही.

तयारी अशी करायची. आधी सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून नावं पक्की करा. मग टॉरेंट बनवणारा प्रोग्राम त्यांचे सारख्या आकाराचे तुकडे पाडतो. ५१२ एमबीच्या फाइलचे ५१२ केबीचे तुकडे केले, तर ते १०२४ होतात. प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे अंगठ्यासारखा ठसा, टॉरेंट फाइलमध्ये नोंदला जातो. घेणाऱ्याकडे ठसा जुळला नाही, तर तो तुकडा टाकून पुन्हा मागवला जातो. म्हणूनच नंतर मूळ फाइलला हात लावायचा नाही. बदल केलात तर टॉरेंट नवं करावं लागतं.

दोन गोष्टी विसरू नका. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं, पुस्तकाचा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तो संपलाय का, हे आधी पाहा. आणि वाटप करताना तुमचा आयपी पत्ता इतरांना दिसतो.

आता खरी मेख. पूर्ण फाइल देणाऱ्याला सीडर म्हणतात. उतरवून झाल्यावर सगळ्यांनीच मशीन बंद केलं, तर लिंक उरते आणि फाइल मिळत नाही. पत्ता आहे, पण घराला कुलूप! म्हणून आम्ही सांगतो, फाइल मिळाली की लगेच बंद करू नका. तीन-चार घरांनी तरी ती चालू ठेवायचं आपसात ठरवून घ्या, आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवरही ठेवा. फाळक्यांच्या चित्रपटाच्या वेळी ही सोय नव्हती. आपल्याकडे आहे.

आता प्रश्न घेऊ.