लेकरू बारीक दिसतं तेव्हा

२०२५च्या जुलैत समोसा आणि जिलेबी देशभर गाजले, आणि त्या गाजण्यात नागपूरचं नाव होतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सरकारी कार्यालयांत आणि संस्थांत तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं होतं. नागपूरच्या एम्सचा हवाला देत बातमी अशी फिरली, की आता समोशावर सिगारेटसारखा इशारा छापला जाणार. मग खुलासा आला : ठेलेवाल्यांच्या मालावर लेबल लावायला कुणीही सांगितलेलं नाही. त्याआधी मे महिन्यात सीबीएसईनं आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं होतं. त्या परिपत्रकात म्हटलं होतं, की ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वयात १५ टक्के साखरेतून येतात. मर्यादा आहे ५ टक्क्यांची.

समोशाची अब्रू वाचली, ठीक झालं. पण त्या गदारोळात मूल बाजूलाच राहिलं.

नागपुरातल्या गांधीबागेत कुठल्याही बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात संध्याकाळी तासभर बसा. जाड मुलाची तक्रार घेऊन आलेली आई क्वचित दिसेल. एक वाक्य मात्र हमखास ऐकू येईल : ‘‘काहीच खाऊन नाही राह्यला जी डॉक्टरसाहेब, पोट्टं वाळून चाललं.’’ सोबत आजी असते, तिच्या पिशवीत बिस्किटाचा पुडा असतो, आणि ज्याच्याबद्दल हे चाललंय ते पाच-सहा वर्षांचं पोट्टं बाकावरून उड्या मारत असतं. भूक वाढवायचं टॉनिक लिहून द्या, एवढीच मागणी.

वाढीचं विज्ञान इथे आजीच्या विरुद्ध बोलतं. बाळ पहिल्या वर्षात गुटगुटीत होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर मात्र उंचीच्या मानानं त्याचं वजन उतरत जातं आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास ते सगळ्यात बारीक दिसतं. तिथून आलेख पुन्हा वर वळतो. हे वळण सगळ्यांनाच येतं. प्रश्न ते कधी येतं, याचा आहे. १९८४ मध्ये फ्रान्सच्या मारी-फ्रांस्वाज रोलाँ-काशेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्यांचा आलेख लवकर वळतो, त्यांच्यात पुढे लठ्ठपणा जास्त दिसतो. म्हणजे ज्या वयात घरातले सगळे मिळून मुलाला भरवायला बसतात, नेमक्या त्याच वयात त्याला थोडं बारीक राहू द्यायचं असतं.

आपल्याकडे हे जास्त लागू पडतं. दिल्लीत जन्मलेल्या मुलांचा एक गट संशोधकांनी जन्मापासून सांभाळला, वेळोवेळी त्यांची उंची-वजनं घेतली आणि वयाच्या २६ ते ३२व्या वर्षी त्यांची साखर तपासली. संतोष भार्गव आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तरुणपणीच ज्यांची साखर बिघडली होती, ती मुलं तान्हेपणी बारीक होती. त्यांचा आलेख लवकर वळला होता आणि मग सतत चढत गेला होता. बाराव्या वर्षी त्यांच्यातलं एकही मूल लठ्ठ या व्याख्येत बसत नव्हतं. शाळेच्या रांगेत त्यांच्याकडे बोट दाखवून ‘हा जाड’ असं कुणी म्हटलं नसतं.

हे कसं, त्याचं उत्तर पुण्याजवळच्या सहा गावांत मिळालं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये तिथे गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानानं जवळपास शाबूत. वजनाला हलकी आणि चरबीला पुरी, अशी ही बाळं. पुढे याज्ञिकांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, तंतोतंत २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. स्वतःचं पोट असं जगापुढे मांडणारा शास्त्रज्ञ विरळाच.

आता चरबीच्या पेशींकडे वळू. १९५०-६०च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्या हवेत होत होत्या. त्यामुळे हवेत कार्बन-१४ वाढला. १९६३च्या चाचणीबंदी करारानंतर तो उतरत गेला. हा कार्बन अन्नातून शरीरात येतो आणि पेशीच्या डीएनएमध्ये ती जन्मली त्या काळातल्या प्रमाणात कायमचा बसतो. स्टॉकहोममधल्या कर्स्टी स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी याच खुणेवरून चरबीच्या पेशींची वयं काढली. २००८ मध्ये त्यांनी सांगितलं : चरबीच्या पेशी किती असणार, हे बालपण आणि पौगंडावस्थेत ठरतं. मोठेपणी दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात, पण एकूण संख्या तीच राहते. पोटाची शस्त्रक्रिया करून भरपूर वजन घटवलेल्या लोकांतही पेशींची संख्या कमी झाली नव्हती. त्या फक्त आक्रसल्या होत्या, रिकाम्या गोण्यांसारख्या, परत भरायला तयार. चाळिशीत जिममध्ये घाम गाळणाऱ्याला यश टिकवणं का जड जातं, त्याचा एक धागा इथे सापडतो.

म्हणून लहानपण महत्त्वाचं. आणि लहानपण कुठे जातं, हेही.

गांधीबाग हा कापडाचा ठोक बाजार. एकीकडे इतवारी, दुसरीकडे महाल. जुन्या इमारतींत खाली दुकान, वर घर अशी राहणी अजून आहे. दिवसभर गल्लीत गठ्ठ्यांचे हातठेले, मालाचे ऑटो आणि वाट काढणाऱ्या दुचाक्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. मुलांना बाहेर सोडावं अशी वेळ म्हणजे सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेसहानंतर. सकाळ तयारीत जाते. आणि संध्याकाळची साडेसहा ही बाजाराची ऐन गर्दीची वेळ. ऊन उतरतं तेव्हाच गल्ली भरते. गांधीबाग उद्यान आहे, पण तिथवर सहा वर्षांच्या मुलाला सेंट्रल अॅव्हेन्यूच्या बाजूनं एकटं कोण पाठवणार? मग हातात मोबाइल येतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल सांगते. तो तास या वस्तीत कुठे बसवायचा, हे ज्यानं त्यानं आपलं वेळापत्रक समोर ठेवून पाहावं. आईबापांच्या आळसाची गोष्ट मला पटत नाही.

तसंच जेवणाचं. बाबा दुकान वाढवून वर येणार नऊला. मुलं त्यांच्यासाठी थांबणार, म्हणजे सात वाजताची भूक कचोरीनं किंवा बिस्किटानं मारली जाणार, आणि दहाला जेवण. झोपायला अकरा. शाळेची व्हॅन सकाळी पावणेसातला. सहा ते बारा वयाला ९ ते १२ तास झोप लागते. इथे ती आठही होत नाही. अपुऱ्या झोपेचा आणि मुलांच्या वाढत्या वजनाचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. जागरणानं भूक वाढते आणि ओढ गोडा-तळलेल्याकडे जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, ते झोपेच्याच कारणानं. लठ्ठपणाच्या चर्चेत त्या आदेशाचं नाव कुणी घेत नाही. माझ्या मते समोशाच्या फलकापेक्षा त्याचं वजन जास्त आहे.

खाण्याचे नियमही आपल्याकडे कमी नाहीत. महाराष्ट्रानं मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार केलं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला मनाई केली. मध्य नागपुरात ५० मीटरमध्ये अख्खी गल्ली येते, तेव्हा ही मनाई पाळली जावी अशी अपेक्षा कुणाचीच नसावी. सप्टेंबर २०२५ पासून कोलावर ४० टक्के जीएसटी आहे, हे चांगलंच. पण त्याच दिवशी बिस्किटं, चॉकलेट आणि नमकीनवरचा कर ५ टक्क्यांवर उतरला. कोलाची २५० मिलीची बाटली म्हणजे सुमारे २६ ग्रॅम साखर, मोठ्या माणसाचा दिवसाचा कोटा. ती घरात आणायचीच नाही, एवढं एक ठरवलं तरी पुष्कळ. तेलाचा हिशेब किराण्याच्या यादीवर होतो : चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज ३० ग्रॅम झालं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटात २००० उष्मांकांमागे २७ ग्रॅम धरलेले आहेत. समोसे बाहेर खाल्ले, ते यात आलेच नाहीत.

एक धोका उलट बाजूचाही आहे. हे सगळं वाचून कुणी सहा वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवू नये. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी निघाली, ३६ टक्के वजनानं कमी. अतिवजनाची मुलं आधीच्या पाहणीतल्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेली. दोन्ही टोकं एकाच गल्लीत भेटतात. मुलाचं दूध, वरण, अंडं तोडायचं नसतं. भूक नाही म्हणालं तर ताट उचलायचं असतं, आणि मधल्या वेळी बिस्किटानं ती भूक मारायची नसते. आणि ‘जाड्या’, ‘भोपळ्या’ अशी नावं ठेवून कुणी बारीक झाल्याचं ऐकिवात नाही. चिडवली गेलेली मुलं खेळाच्या तासाला मागे उभी राहतात आणि घरी येऊन जास्त खातात. काकांनी लग्नात सगळ्यांसमोर केलेली थट्टा यात मोजलेली बरी.

मग ओळखायचं कसं? कापड बाजारात फितीला तोटा नाही. मुलाच्या उंचीएवढा दोरा घ्या, मध्ये दुमडा आणि बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती फिरवा. सहज पोचला तर ठीक, टोकं मिळाली नाहीत तर डॉक्टरांना विचारा. दुसरं साधन घरातच पडलेलं असतं : प्रगतिपुस्तक. त्यात उंची-वजनाचे रकाने असतात, बाई ते भरतात, आईबाप गुणांखाली सही करून टाकतात. समजा, पाचव्या वर्षी मूल १०८ सेंटीमीटर, साडेसतरा किलो. सहाव्या वर्षी ११४ आणि २०.८. सातव्या वर्षी १२० आणि साडेचोवीस. कुठलाही आकडा एकटा पाहिला तर मूल धट्टंकट्टं वाटतं. पण वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागा, म्हणजे बीएमआय काढा : १५, मग १६, मग १७. जो आलेख या वयात तळाशी असायला हवा, तो चढायला लागलेला आहे. अशा रेषा ताडून पाहायला पुण्याच्या वामन आणि अनुराधा खाडिलकर या डॉक्टर दांपत्याच्या पुढाकारानं भारतीय मुलांचे तक्ते तयार झाले आणि बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय अकादमीनं ते २०१५ मध्ये स्वीकारले. मोठ्यांच्या बीएमआयचा २५चा नियम त्यांत नाही. आपल्या मुलांसाठी धोक्याची रेषा प्रौढांच्या २३च्या हिशेबानं, खालीच आखलेली आहे. पुढच्या वेळी टॉनिक मागायला जाल तेव्हा हा तक्ता मागा, आणि तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं सोबत न्या.