वैद्यकीय शोधनिबंध: कोणाला खुले, कोणाला बंद

पबमेडवर सगळे शोधनिबंध फुकट वाचायला मिळतात, हा वैद्यकीय डेटाबेसबद्दलचा सर्वांत रुजलेला गैरसमज. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९७ मध्ये सर्वांना खुले केलेले पबमेड ही मुळात सूची आहे. निबंधाचे नाव, लेखक, नियतकालिक आणि बहुधा सारांश एवढेच तिथे दिसते. पूर्ण मजकूर प्रकाशकाकडे असतो आणि त्याला अनेकदा वर्गणी लागते. २००० मध्ये सुरू झालेले पबमेड सेंट्रल हे भांडार वेगळे. तिथले निबंध अथपासून इतिपर्यंत वाचता येतात.

याच्या उलटही एक समज आहे: महाविद्यालयाबाहेरच्या डॉक्टरच्या हाती काहीच लागत नाही. सर्पदंशाचेच उदाहरण घ्या. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावात असा रुग्ण नवलाचा नाही, नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांचे तर या क्षेत्रातले काम राज्यभर माहीत आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, हा अंदाज मांडणारा निबंध २०२० मध्ये ‘ईलाइफ’ या खुल्या नियतकालिकात आला. घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात बसून मोबाइलवरही तो वाचता येतो. उपचारांविषयीच्या संशोधनाचे कॉक्रेन आढावेही प्रकाशनानंतर वर्षभराने बहुतेक खुले होतात.

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेमुळे आता सर्वांना सगळे खुले झाले, असेही बोलले जाते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळपास १३,००० नियतकालिके असा तिचा आवाका मोठा आहे. मात्र लाभार्थी ठरवले गेले ते सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयासारखी सरकारी संस्था या चौकटीत बसते. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय सरकारी असूनही शिक्षणसंस्था नसल्याने बसत नाही. नेमक्या ज्या ठिकाणी सर्पदंशाचा रुग्ण आधी पोहोचतो, तेच ठिकाण बाहेर राहावे, ही मोठी उणीव आहे.

वर्गणी असली की कुठूनही वाचता येते, हेही खरे नाही. प्रकाशकाचा सर्व्हर संस्थेच्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता ओळखतो. त्यामुळे आवाराबाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तोच निबंध बंद दिसतो. घरून किंवा ग्रामीण भागातल्या नेमणुकीवरून वाचायचे तर संस्थेचे लॉगिन लागते. ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इन्फेड’ ही लॉगिन व्यवस्था त्यासाठीच आहे. लॉगिन काढून देणे आणि ते चालू ठेवणे हे काम ग्रंथालयाचे.

दार उघडले तरी नेमका शब्द हवा. पबमेडवर ‘घोणस’ हे नाव रोमन लिपीत टाइप केल्यास फारसे काही निघत नाही. तिथे ‘डॅबोइया रसेलाय’ हे शास्त्रीय नाव लागते. जुन्या निबंधांत मात्र हाच साप ‘व्हायपेरा’ वंशात नोंदलेला असल्याने दोन्ही नावांनी शोध घ्यावा लागतो.