टोमॅटोची फुलगळ आज दिसते, पण बिघाड झालेला असतो आठ-दहा दिवस आधी

उन्हाळी टोमॅटोचा प्लॉट फुलांनी भरतो आणि दोन-चार दिवसांत झाडाखाली पिवळ्या फुलांचा सडा पडतो. मग टॉनिक आणा, फवारणी करा अशी धावपळ होते. पण उष्णतेमुळे फुलगळ होत असेल, तर खरा बिघाड कळी लहान असतानाच झालेला असतो.

कळीच्या आत काय चालतं?

टोमॅटोच्या फुलात मधोमध पिवळा सुळका दिसतो, तो परागकोशांचा. फूल उमलायच्या सुमारे १० दिवस आधी त्यात पराग घडत असतो. सुरुवातीला पेशींभोवती कॅलोज नावाच्या पदार्थाचं तात्पुरतं कवच चढतं. पुढे ते विरघळतं, परागकण सुटे होतात आणि प्रत्येकाभोवती कायमची चिवट भिंत तयार होते.

कवच विरघळवणारा रस, भिंतीचा माल आणि कणांचं पोषण हे सगळं परागकोशाचं आतलं अस्तर पुरवतं. काम संपलं की हे अस्तर आपोआप मरतं. इथे वेळ चुकून चालत नाही. तंबाखूच्या झाडात कवच वेळेआधी विरघळवून पाहिलं, तेव्हा पराग वांझ निघाला.

मग वेळ कोण सांभाळतं?

हे काम नियंत्रक प्रथिनांचं. मुकादमासारखं कोणतं जनुक कधी चालू करायचं आणि कधी बंद, हे ती ठरवतात. मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या रोपात अशा पाच प्रथिनांची साखळी सापडली आहे. पहिलं दुसऱ्याला चालू करतं, दुसरं तिसऱ्याला. एक कडी तुटली की पराग नीट घडत नाही. टोमॅटोतही असंच एक जनुक बिघडलं की झाड हिरवंगार दिसतं, पण त्यात पराग तयार होत नाही.

उष्णता कुठे आडवी येते?

दिवसा पारा ३५ अंशांच्या वर आणि रात्रही गरम, असं सलग राहिलं की हे वेळापत्रक विस्कटतं. परागात साखर आणि स्टार्च कमी साठतो, कण कमी होतात, बरेचसे वांझ निघतात. असं फूल उमलतं, पण फळ न धरता देठातून गळतं.

शेतकऱ्यांनी काय करावं?

- फुलगळ दिसली की मागच्या आठ-दहा दिवसांचं तापमान तपासा.
- वांझ झालेला पराग कुठल्याही फवारणीने पुन्हा जिवंत होत नाही. खर्च करण्याआधी हे लक्षात घ्या.
- उष्णतेच्या लाटेचा अंदाज आला की लगेच जमिनीत ओलावा टिकवा, शक्य असेल तिथे शेडनेट वापरा. त्या वेळच्या बारीक कळ्या वाचवायच्या आहेत.
- पुढच्या लागवडीला तारीख आणि उष्णता सोसणारा वाण विचारपूर्वक निवडा.

पाण्याचा ताण, जादा नत्र आणि कीड-रोग यांनीही फुलं गळतात. म्हणून बियाण्याला लगेच दोष देऊ नका, आधी प्लॉट कृषी सहायकांना दाखवा.